परदेशातल्या शाळेत नोकरी: एजंटला दीड लाख देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एक शिक्षिका, वय ३४, एम.एस्सी. फिजिक्स, बी.एड., सीबीएसई शाळेत नववी ते बारावीला आठ वर्षांचा अनुभव. घरी नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. एका कन्सल्टंटने 'दुबईच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये कन्फर्म जॉब' म्हणून दीड लाख रुपये मागितलेत, त्यातले पन्नास हजार आधी. पैसे भरावेत का? आणि भरू नयेत, तर बाहेरच्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिरायचा रस्ता कोणता?

मॅडम, पैसे भरू नका. तुमच्या प्रश्नातला हा सोपा भाग आहे, म्हणून तो आधी उरकतो. शिक्षकाच्या भरतीचा खर्च शाळेने करायचा असतो. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करायला बंदीच आहे. आपल्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन (उत्प्रवास) कायद्याखाली नोंदणी केलेले एजंट असतात. त्यांची नावं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सापडतात आणि त्यांना उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. दीड लाख मागणाऱ्याला फक्त नोंदणी क्रमांक विचारा. बहुतेक वेळा पुढचा फोनच येत नाही. आणि 'कन्फर्म' म्हणजे काय हो? शाळेने तुमची मुलाखत घेतलेली नाही, तुमचा तास पाहिलेला नाही, तुमच्या मुख्याध्यापकांना विचारलेलं नाही. ज्या शाळेला यातलं काहीच बघायचं नाही, त्या शाळेत सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जाऊ नये. 'व्हिजिट व्हिसावर या, तिकडे बदलून घेऊ' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे, आणि पकडलं गेल्यावर कन्सल्टंट सोबत नसतो.

आता खरा प्रश्न. मी सतरा वर्षं बाहेर शिकवलं, फिजिक्सच. आधी मस्कतला भारतीय शाळेत, मग दुबईत ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत. तिथे शेवटची सहा वर्षं विज्ञान विभाग माझ्याकडे होता, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. त्या अनुभवावरून सांगतो.

'इंटरनॅशनल स्कूल' हा शब्द आधी फोडून बघायला हवा, कारण पाटीवर तो कुणीही लिहितो. आखातात एक प्रकार भारतीय शाळांचा. अभ्यासक्रम सीबीएसई किंवा आयसीएसई, मुलं बहुतेक भारतीय, वर्ष एप्रिलला सुरू. दुसरा ब्रिटिश शाळांचा: आयजीसीएसई (साधारण दहावीची पातळी), ए लेव्हल (बारावीची), वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू. तिसरा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि अमेरिकन शाळांचा. एकाच रस्त्यावर एकमेकींना लागून असलेल्या अशा दोन शाळांत एकाच विषयाच्या दोन शिक्षकांच्या पगारात दुप्पट-तिप्पट फरक असू शकतो. जेम्स एज्युकेशनसारख्या मोठ्या समूहाच्या तर दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत, त्यामुळे 'जेम्समध्ये लागले' एवढ्यावरून काहीच कळत नाही.

तुमची आजची कागदपत्रं घेऊन तुम्ही थेट अर्ज केलात तर पहिल्या प्रकारच्या शाळेत जागा मिळणं शक्य आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत प्रयत्न केलात तर बऱ्यापैकी शक्य. पण पगार ऐकताना सावध राहा. आपल्याकडे माध्यमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढलं तेव्हा कुठे ते १८,००० झालं. त्या पार्श्वभूमीवर महिना ५,००० दिरहम, म्हणजे एक लाखाच्या वर रुपये, हा आकडा डोळे दिपवतो. दुबईत तिघांच्या कुटुंबाला त्यात नीट राहता येत नाही. घरभाडं, शाळेची बस, मुलीची फी, आणि महिनाअखेर नाशिकला पाठवायला काही उरत नाही. माझ्या मस्कतच्या पहिल्या दोन वर्षांत मी आणि केमिस्ट्रीचे एक सर एका खोलीत राहत होतो आणि आठवड्यातून चार दिवस रात्री शिकवण्या घेत होतो, ज्या घेणं करारात बसत नव्हतं. तरुण होतो, चाललं. तुमच्या वयात आणि मुलीसकट ते करायला मी सांगणार नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या शाळांचं गणित वेगळं, आणि तिथे एक कडू गोष्ट आधी बोलून टाकतो. पासपोर्ट बघितला जातो. काही जाहिराती उघडच 'मूळ इंग्रजी भाषक देशांतले' उमेदवार मागतात, काही तसं न लिहिता तेच करतात. चीन आणि थायलंडमध्ये इंग्रजी भाषा शिकवण्याच्या जागांवर हे सर्रास चालतं, आणि चीनमध्ये इंग्रजीच्या शिक्षकासाठी वर्क परमिटचे नियमच तसे आहेत. यावर चिडून उपयोग नाही, आणि सगळी दारं बंद आहेत असंही नाही. पालकांना ब्रिटिश उच्चार हवा असतो तो मुख्यतः प्राथमिकला आणि इंग्रजीला. अकरावी-बारावीच्या पातळीचं फिजिक्स आणि गणित शिकवू शकणारे शिक्षक मात्र खुद्द इंग्लंडलाच पुरत नाहीत. एप्रिल महिना उजाडला, ऑगस्टला फिजिक्सचा माणूस नाही, आणि वेळापत्रकात ए लेव्हलचे बारा तास मोकळे आहेत, अशा वेळी कुठलाही मुख्याध्यापक पासपोर्टचा रंग विसरतो. हे मी आमच्याच शाळेत तीनदा पाहिलं. म्हणजे तुमचा विषय हा तुमचा हुकमाचा पत्ता आहे. मराठी, समाजशास्त्र किंवा प्राथमिक वर्ग असता तर मी इतक्या खात्रीने लिहिलं नसतं. हिंदीला आखातात मागणी असते, पण तिथे उमेदवारांची रांगही तेवढीच लांब असते.

पण तो मुख्याध्यापक एक गोष्ट विसरत नाही: या बाईंनी आमचा अभ्यासक्रम कधी शिकवलाय का? इथे बरेच जण फसतात. त्यांना वाटतं, आधी आखातातल्या भारतीय शाळेत शिरू, मग तिथल्या तिथे ब्रिटिश शाळेत उडी मारू. उडी मारणारे असतात, मी स्वतः मारली, पण मला आठ वर्षं लागली आणि शेवटी एका शिक्षकाच्या अचानक आजारपणामुळे जागा मिळाली. माझ्या विभागात नंतर जे भारतीय शिक्षक आले त्यांच्यातले बहुतेक पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या आयबी किंवा केंब्रिज (आयजीसीएसई, ए लेव्हल घेणारं ब्रिटिश मंडळ) शाळांमधून थेट आले होते. म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा की दुबईच्या आधी पुणे किंवा मुंबई बघा. तिथल्या आयबी किंवा केंब्रिज शाळेत दोन वर्षं, जमली तर तीन. पगारही नाशिकच्या सीबीएसई शाळेपेक्षा बहुधा बरा मिळेल, आणि मुलीला या नव्या पद्धतीची ओळख इथेच होईल. तुम्हाला 'आणखी दोन वर्षं?' असं वाटेल. भारतीय शाळेतून आत शिरून माझी सहा वर्षं जास्त गेली.

ती दोन वर्षं कशासाठी, हे एका उदाहरणाने सांगतो. सीबीएसईत प्रॅक्टिकल म्हणजे ठरलेले प्रयोग, जर्नल, बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे तोंडी, तीस गुण. आयबी डिप्लोमाच्या फिजिक्समध्ये २० टक्के गुण एका स्वतंत्र शोधप्रकल्पाला आहेत. २०२३ पासून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात तो अहवाल ३,००० शब्दांच्या आत बसवायचा असतो. प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः शोधायचा. एक मुलगा येऊन म्हणतो, 'सर, बॅडमिंटनचं फूल ओलं झालं की वेगळं का पडतं ते मला बघायचंय.' तुम्ही त्याला उत्तर सांगायचं नाही, पद्धत सांगायची नाही. 'ओलं म्हणजे किती ओलं? कसं मोजशील?' एवढंच विचारायचं, आणि तो तीन आठवडे चुकीच्या दिशेने जात असला तरी जिभेवर ताबा ठेवायचा. मग त्याचे गुण तुम्ही द्यायचे, आणि तुमचे गुण बरोबर आहेत का हे आयबीचा बाहेरचा परीक्षक नमुने मागवून तपासणार. हे दोन बॅचना केलेली व्यक्ती मुलाखतीत दहा मिनिटांत ओळखू येते. नुसतं कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन आलेली व्यक्तीसुद्धा तेवढ्याच वेळात ओळखू येते. कार्यशाळा जरूर करा, पण शाळेच्या खर्चाने. स्वतःच्या खिशातून हजारो रुपयांची प्रमाणपत्रं गोळा करत बसू नका.

प्रमाणपत्रांचा विषय निघालाच आहे तर क्यूटीएसबद्दल. इंग्लंडचा हा 'पात्र शिक्षक' दर्जा ब्रिटिश शाळांच्या जाहिरातीत हमखास दिसतो. तो मिळवून देतो म्हणून लाखो रुपयांचे अभ्यासक्रम विकले जातात. पण २०२३ पासून इंग्लंडच्या शिक्षण खात्याने भारतासह इतर काही देशांतल्या शिक्षकांना या दर्जासाठी थेट अर्ज करायची सोय केली आहे. भारतीयांसाठी अट अशी की ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायची पात्रता हवी. पदवी, बी.एड., प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव आणि इंग्रजीचा पुरावा लागतो. अर्जाला शुल्क नाही, आणि त्यासाठी इंग्लंडला जावं लागत नाही. तुम्ही फिजिक्सच्या आहात, बी.एड. आहात, आठ वर्षं शिकवताय. आधी हा अर्ज करा, नियम ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर वाचून. नाकारला गेला तर मग पैसे खर्च करायचा विचार करू. 'इंटरनॅशनल पीजीसीई' नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि क्यूटीएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्याने दुसरं आपोआप मिळत नाही. विकणारे हे बारीक अक्षरात लिहितात. टीईएफएल हे तर इंग्रजी भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. आणि हो, टीईटी किंवा सीटीईटीचे गुण बायोडाटात पहिल्या पानावर लिहू नका, तिकडे ते कुणाला कळत नाहीत.

बायोडाटा. एका जागेसाठी माझ्याकडे शंभराच्या वर अर्ज यायचे. प्रत्येकाला पहिल्या फेरीत मिळायचं साधारण अर्धं मिनिट. त्यात मी काय बघत होतो? विषय, कुठल्या पातळीपर्यंत, कुठला अभ्यासक्रम, सध्या कुठे, कधी मोकळे. भारतीय बायोडाटात हे दुसऱ्या पानाच्या तळाशी असायचं. वर काय? 'डायनॅमिक अँड रिझल्ट ओरिएंटेड', वडिलांचं नाव, धर्म, दहावीची टक्केवारी आणि हिरव्या पडद्यासमोरचा फोटो. दहावीची टक्केवारी काढून टाका. धर्म काढा. 'शंभर टक्के निकाल' हे वाक्यही काढा, कारण ते सगळेच लिहितात. त्याऐवजी एखादी खरी गोष्ट लिहा: अमुक वर्षी अकरावीला मुली फिजिक्स सोडून जात होत्या, मी हे केलं, पुढच्या वर्षी इतक्या थांबल्या. दोन पानांच्या आत. सोबत एक पानाचं पत्र, त्या शाळेचं संकेतस्थळ वाचून लिहिलेलं. शाळेचं नाव बदलायचं राहून गेलेली पत्रं मी किती पाहिली ते विचारू नका. आणि नोकरीत कुठे खंड असेल, बाळंतपणाचा, आजारपणाचा, तर महिने घालून स्पष्ट लिहा. चांगल्या शाळा प्रत्येक रिकाम्या महिन्याचा हिशोब मागतात. त्यात तुमच्यावर संशय नसतो, मुलांच्या सुरक्षिततेसाठीचा तो नियम आहे.

मुलांची सुरक्षितता हा भाग आपल्याकडचे उमेदवार सर्वांत हलक्यात घेतात, आणि सर्वांत जास्त इथेच गळतात. मुलाखतीत एक प्रश्न येणारच: 'तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबते आणि म्हणते, कुणाला सांगणार नसाल तर एक गोष्ट सांगते. तुम्ही काय कराल?' मी हा प्रश्न निदान पन्नास भारतीय शिक्षकांना विचारला असेल. बहुतेकांचं उत्तर मायेचं असतं: तिला जवळ बसवीन, विश्वास देईन की कुणाला सांगणार नाही, समजूत काढीन, मग आईवडिलांना बोलावीन. माया खरी असते, उत्तर चुकीचं असतं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचंच नाही, कारण ते पाळता येणार नाही. तिला शांतपणे सांगायचं की तुझ्या सुरक्षिततेसाठी गरज पडली तर मला एका माणसाला सांगावं लागेल. मग ऐकायचं. खोदून विचारायचं नाही, तोंडात शब्द घालायचे नाहीत. लगेच नंतर तिच्याच शब्दांत, वेळ घालून लिहून काढायचं आणि त्याच दिवशी शाळेतल्या बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडे द्यायचं. आईवडिलांना आपण फोन करायचा नाही, कारण त्रास घरातूनच होत असू शकतो. हे पाठ करून बोलू नका, समजून घ्या. इंग्लंडच्या शिक्षण खात्याचं शाळांमधल्या बालसुरक्षेवरचं मार्गदर्शन इंटरनेटवर फुकट आहे, त्याचा पहिला भाग वाचायला एक संध्याकाळ पुरते.

याच कारणासाठी संदर्भ, म्हणजे रेफरन्स, हाही गंभीर मामला आहे. आपलं 'अनुभव प्रमाणपत्र' तिकडे संदर्भ धरत नाहीत. शाळा तुमच्या सध्याच्या मुख्याध्यापकांना थेट, शाळेच्या अधिकृत ईमेलवर, गोपनीय फॉर्म पाठवते. जीमेलवरून आलेलं उत्तर आम्ही बाजूला ठेवायचो. फॉर्ममध्ये दोन प्रश्न महत्त्वाचे: या व्यक्तीला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का, आणि मुलांसोबत काम करू देण्यात काही अडचण वाटते का. आता आपल्याकडची पंचाईत अशी, की मुख्याध्यापकांना कळलं की शिक्षिका चालल्या, तर ते तोंड फिरवतात. पण लपवून अर्ज करू नका. शेवटच्या क्षणी त्यांना दुबईहून अचानक ईमेल गेला तर ते जास्त दुखावतात आणि उत्तरच देत नाहीत, आणि ऑफर तिथेच लटकते. माझ्या एका मैत्रिणीने युक्ती केली. जूनमध्येच साहेबांना सांगितलं, 'सर, यंदा मी बाहेर प्रयत्न करणार आहे. झालं तर वर्ष पूर्ण करूनच जाईन, आणि माझ्या जागी येणाऱ्याला मी तयार करून देईन.' त्यांनी भरभरून लिहिलं.

नमुना तास. माझा पहिला नमुना तास आठवला की अजून कान गरम होतात. ब्रिटिश शाळा, नववीच्या बरोबरीचा वर्ग, विषय गती. मी पंचवीस मिनिटं अखंड बोललो. फळा डावीकडून उजवीकडे सुंदर भरला, तिन्ही समीकरणं सिद्ध केली, शेवटी 'एनी डाउट्स?' विचारलं. कुणालाच डाउट नव्हता. बाहेर आल्यावर निरीक्षक बाईंनी एकच विचारलं, 'मागच्या बाकावरच्या मुलाला काय समजलं, तुम्हाला माहीत आहे?' मला माहीत नव्हतं. ती जागा मिळाली नाही.

पुढच्या खेपेला मी एक चेंडू घेऊन गेलो. वर फेकला, झेलला. विचारलं, 'सर्वांत उंच ठिकाणी, एक क्षण थांबतो तेव्हा, त्याचं त्वरण किती?' मुलांकडे पाटीसारखे छोटे पांढरे फळे होते. सगळ्यांनी लिहून एकदम वर धरायचे. निम्म्याहून जास्त मुलांनी शून्य लिहिलं होतं. मी बरोबर-चूक काही सांगितलं नाही. शून्यवाल्यांना आणि नऊ पॉइंट आठवाल्यांना, म्हणजे बरोबर उत्तरवाल्यांना, समोरासमोर बसवलं, म्हटलं, एकमेकांना पटवा. दहा मिनिटं नुसता गलका. मग एका मुलीने विचारलं, 'त्वरण शून्य असेल तर तो तिथेच लटकून का राहत नाही?' आणि वर्ग एकदम शांत झाला. मी सगळ्या तासात पाच-सहा मिनिटं बोललो असेन. सीबीएसईच्या पोर्शनच्या धबडग्यात आपल्याला हे परवडत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून आत्तापासून आठवड्यातून एका तासाला करून बघा, हात बसतो. उच्चाराची काळजी करू नका. काळजी करायची तर वेगाची करा, आपण इंग्रजी फार भरभर बोलतो.

अर्ज कधी आणि कुठे? ऑगस्टला सुरू होणाऱ्या शाळांमध्ये 'पुढच्या वर्षी राहणार की जाणार' हे शिक्षकांना साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात कळवावं लागतं. त्यामुळे जागांचा पहिला लोंढा जानेवारी ते मार्च. दुसरा, लहान, एप्रिल-मेमध्ये, आणि भारतीय उमेदवाराला संधी या दुसऱ्यात जास्त. जाहिराती टेस या संकेतस्थळावर आणि शाळांच्या स्वतःच्या पानांवर येतात. सर्च असोसिएट्स, आयएसएस, टीचर होरायझन्स या शिक्षक-भरतीतल्या ओळखीच्या संस्था आहेत, आयबीचा अनुभव हाती आला की तिथे नाव नोंदवा. आणि फक्त दुबई-दुबई करू नका. आगा खान अकादमी हैदराबादला आहे तशी मोंबासालाही आहे, दोन्हीकडे आयबी. मालदीवच्या शाळांत केंब्रिजचा आयजीसीएसई चालतो आणि भारतीय शिक्षक तिथे वर्षानुवर्षं जातात. पगार माफक आहे, पण ज्याला पुण्यात आयबी शाळा मिळाली नाही त्याच्यासाठी आयजीसीएसईचा अनुभव घ्यायची ती एक जागा आहे.

कागदपत्रांकडे वळतो. इथे महाराष्ट्रातल्या बायकांची एक खास अडचण आहे, जी कुठला कन्सल्टंट आधी सांगत नाही. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी खाली आईचंही. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तिकडच्या कारकुनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचं महाराष्ट्र शासनाचं राजपत्र ही दोन कागदं तुमच्याकडे नसतील तर आजपासून मागे लागा. दुसरं, 'प्रोव्हिजनल' किंवा 'पासिंग' सर्टिफिकेट चालत नाही, पदवीदानाचा मूळ दाखला लागतो, पदवीचा, एम.एस्सी.चा आणि बी.एड.चाही. आपल्यातल्या निम्म्यांनी तो कधी आणलेलाच नसतो. मग त्यावर राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. पुढचं देशावर अवलंबून. ओमान, बहरीन, सौदी हे अपोस्टिल करारातले देश आहेत, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का तिथे पुरतो. अमिराती, कतार, कुवेत त्यात नाहीत, तिथे दूतावासाचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. एका देशासाठी केलेलं दुसऱ्याला चालेलच असं नाही, म्हणून ऑफर हाती येईपर्यंत शेवटचा टप्पा करू नका, पण आधीचे दोन करून ठेवा. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, तो मात्र शेवटीच काढा, कारण तो जुना झाला की घेत नाहीत. पदवी दूरशिक्षणाने झाली असेल तर अमिरातीत समकक्षतेला, म्हणजे तिकडच्या पदवीच्या बरोबरीची मान्यता मिळायला, अडचण येऊ शकते, हे शाळेला मुलाखतीतच सांगा.

करार आला की आधी मूळ पगार बघा, एकूण आकडा नंतर. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर काढतात: पहिली पाच वर्षं दरवर्षीचे २१ दिवस, त्यानंतर ३०. दोन ऑफर समजा ९,००० दिरहमच्याच आहेत. एकीत मूळ पगार ६,०००, दुसरीत ३,००० आणि बाकी भत्ते. पाच वर्षांनी पहिलीतून २१,००० दिरहम हातात येतील, दुसरीतून १०,५००. मग घर की घरभत्ता, वर्षाला किती तिकिटं, आरोग्य विमा कुटुंबाला की फक्त तुम्हाला, मुलीच्या फीत किती सवलत आणि ती त्याच शाळेत का. ब्रिटिश शाळेची फी इतकी असते की शेवटचा मुद्दा पगाराइतकाच मोठा आहे. नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा तुमच्या नोकरीवर होईल का, हे सही करण्याआधी शाळेच्या एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. पासपोर्ट शाळेकडे जमा करायची अट कायद्यात बसत नाही, तशी मागणी झाली तर ती शाळा कशी आहे ते कळलंच. दुबईची केएचडीए ही संस्था शाळांचे तपासणी अहवाल प्रसिद्ध करते, त्यात दरवर्षी किती शिक्षक बदलतात तो आकडाही असतो. दर तीन शिक्षकांमागे एक जात असेल तर मी तरी कारण विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही.

एक पर्याय तुमच्या डोक्यात येईल, कारण तो सगळ्यांच्या येतो: नवऱ्याने तिकडे नोकरी बघायची आणि तुम्ही त्याच्या व्हिसावर जाऊन तिथे शाळा शोधायची. शाळांना असे उमेदवार आवडतात, कारण ते स्वस्त पडतात. घर नाही, तिकीट नाही, पगारही स्थानिक नियुक्तीचा. अशा किती तरी एम.एस्सी., बी.एड. मराठी मुली मी तिकडे वर्ग सहाय्यक म्हणून राबताना पाहिल्या. काही जणी दोन वर्षांत वर चढल्या, बऱ्याच जणी सहाय्यकच राहिल्या, कारण एकदा त्या पगारावर बघायची सवय झाली की शाळेला तुम्हाला वर घ्यायची घाई नसते. तसं जावंच लागलं तर सहाय्यकाची जागा एका वर्षापेक्षा जास्त धरू नका.

तुमच्या हातात आता काय आहे? जून-जुलैचे दिवस असतील तर पुण्या-मुंबईच्या शाळांची पुढच्या वर्षाची भरती अजून सहा महिने लांब आहे. तेवढ्यात राजपत्र, तिन्ही पदवीदान दाखले आणि क्यूटीएसचा अर्ज होऊन जाईल. कन्सल्टंटला पन्नास हजारांपैकी काही आधीच दिले असतील तर पावती आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका, नोंदणी क्रमांक लेखी मागा. आणि मुलीचा पासपोर्ट काढला नसेल तर तोही या सुट्टीत काढून टाका.